डाव्या अंगाला चार सूत

दाजी,

तुम्ही गेल्याचा फोन कंपनीच्या गेटवर आला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा : कोण बोलतंय? पलीकडून कुणीतरी म्हणालं, इंदापूरच्या एसटीडी बूथवरनं बोलतोय, तुमचे दाजी दुकानातच गेले, छातीत कळ आली, लगेच निघा. मी त्याचं नाव विचारलं, बूथ कुठला ते विचारलं, फोन ठेवला आणि त्याच बूथचा नंबर काढून परत फोन लावला. वॉचमन माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं असेल, माणूस धक्क्यानं असं करतोय. धक्का वगैरे अजून बसलाच नव्हता. माझा विश्वास बसला नव्हता, एवढंच. तो कुणावरच लवकर बसत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी सगळ्यांना सांगत आलो की ही नोकरीची खोड आहे. बारामती एमआयडीसीत इन्स्पेक्शनला बसायचं, समोर आलेला प्रत्येक नग चुकीचाच आहे असं धरून त्याचं माप घ्यायचं, याचाच पगार मिळतो. पण तुम्हाला ते पटत नव्हतं. "साहेब, तुमी जलमल्यावर आधी सुईणीचं हात तपासलं आसतील," म्हणायचात आणि स्वतःच हसायचात. मेव्हण्याची चेष्टा करायचा तुमचा हक्कच होता, आणि मी तुम्हाला खाद्यही भरपूर पुरवलं.

तुम्ही आक्काला बघायला वरकुट्याला आलात तेव्हा मी शाळेत होतो. पोहे झाले, सुपारी झाली, आणि मी सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणालो, हात दाखवा. आबांनी डोळे वटारले. तुम्ही मात्र दोन्ही तळवे पुढं केलेत. रेषांमध्ये ऑइल मुरलेलं, नखं काळी. मंडळींना ते कष्टाचे हात वाटले. मला वाटलं, येताना मुद्दाम फासून आलाय. लग्नानंतर वर्षभर मी तुमच्या घरी निरवांगीला आलो की आधी तुमचे हात बघायचो. ते तसेच असायचे. तरी मी आक्काला विचारलं होतं, घरी पण असेच असतात का? ती म्हणाली, "न्हाय, घरी सोन्याचं आस्त्यात."

आता गाडीचं बोलतो. इतकी वर्षं आपण दोघांनी ज्याच्याबद्दल बोलायचं टाळलं, ते तेवढंच आहे.

आबांची गाडी म्हणजे नाकाची गाडी. पुढं लांब बॉनेट, दोन गोल दिवे, मिलिटरीच्या लिलावात घेतलेला जुना ट्रक. तिच्यावर त्यांनी मुरूम ओढला, दगड ओढला, आम्हा लेकरांना शिकवलं. आणि दर वर्षी चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत फोटो ठेवून, हार घालून सगळ्यात पुढं तीच चालायची. चालवायला आबा. त्या दिवशी ते पांढरा सदरा घालायचे आणि गिअर टाकताना आजूबाजूला बघायचे, लोक बघतायत ना म्हणून. पुढं तिचं पेट्रोलचं इंजिन कायमचं बंद पडलं आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली ती दहा-बारा वर्षं. मिरवणुकीला ट्रॅक्टर आला. आबा जयंतीला घरात बसायला लागले, डोकं दुखतंय म्हणायचे. मग एका दिवाळीत तुम्हीच विषय काढलात. "आबा, गाडी भाईर काढू या का? एकदा तुमच्या हातनं मिरवणूक निघाया पायजे." त्या दिवशी जेवताना आबांनी एक भाकरी जास्त खाल्ली. मी मात्र विचार करत होतो, यात यांचा काय फायदा?

फायदा काही सापडला नाही. इंदापूरच्या बाहेर रोडला तुमचं गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे बांधायचं दुकान, त्याच्या मागच्या जागेत गाडी सहा महिने होती. केबिनचा पत्रा नवा झाला, निळा रंग झाला, डिझेलचं इंजिन बसलं. ते इंजिन जुन्यापेक्षा जड, त्यामुळं गाडीनं नाकच टेकलं. पुढच्या चाकांवरचे पाटे नव्यानं बांधून उंची परत आणायची आणि चाकं सरळ करायची, हे शेवटचं काम राहिलं. ते तर तुमचंच काम होतं. पंढरपूर, टेंभुर्णीपासून गाड्या यायच्या तुमच्याकडं.

तुमची पद्धत मला आधी ढोंग वाटायची. पाटे बांधून गाडी जॅकवरून खाली सोडली की तुम्ही लगेच माप घेत नव्हता. "बसू द्या तिला," म्हणायचात. चारजणांना वर चढवून नाचवायचात, गाडी जरा पुढं, जरा मागं ढकलायचात आणि मग जेवायला बसायचात. जेवण होईपर्यंत कुणी टेपला हात लावायचा नाही. मग आबांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवायचं, कारण ज्याची गाडी त्याच्या वजनासकट माप. आबा वर पेपर वाचतायत आणि खाली तुम्ही मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून एक डोळा मिटून बघताय. नंतर चाक उचलून टायरला खडू फासायचा, खिळा टेकवून चाक फिरवायचं, म्हणजे खडूत बारीक रेघ उठते. दोन चाकांच्या रेघांमधलं अंतर पुढून मोजायचं, मागून मोजायचं. पुढचं एक सूत कमी पाहिजे. एका इंचात आठ सूत, एवढंच तुमचं गणित. मी मायक्रोमीटरनं मोजणारा माणूस. एकदा तुम्ही बिडी आणायला गेलात तेव्हा मी माझी स्टीलची पट्टी लावून ते अंतर तपासलं होतं. बरोबर एक सूत होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, दाजी. सांगायला पाहिजे होतं. तेवढ्यानं तुम्ही महिनाभर खूश राहिला असता.

पहिल्यांदा माप घेतलंत त्या दिवशी आबांना तुम्ही दोन तास बसवून ठेवलंत. स्टेअरिंग फिरवा, गिअर टाका, परत टाका. तुम्ही पायरीवर उभे राहून केबिनमध्ये बघत होता. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होता. मी जवळ आलो आणि बोलणं थांबलं.

"काय चाललंय?"

"काय न्हाय. गाडीचंच," आबा म्हणाले.

मी आल्यावर जे बोलणं थांबतं ते माझ्याबद्दल असतं, असा माझा आजवरचा अनुभव. तेव्हापासून मी तुमच्यावर नजर ठेवायला लागलो.

आठवड्यानं तुम्ही काम झालं म्हणालात. तुम्ही हात धुवायला गेलात आणि मी टेप काढला. जमिनीपासून चेसीपर्यंत, आधी उजवीकडं, मग डावीकडं. डावं अंग चार सूत उंच भरलं. अर्धा इंच. मी वाकून पाटे मोजले. डावीकडं एक पाटा जास्त होता आणि तो आपल्या जुन्या पाट्यांतला नव्हता, भलत्याच गाडीचा होता. जुन्यातला एक लांब पाटा गायब. शिवाय पाटे ॲक्सलवर जिथं बसतात तिथं एक पातळ लोखंडी पाचर घातलेली, आणि तीही फक्त डावीकडं.

"दाजी, गाडी वाकडी हाय."

"वाकडी न्हाय. तशीच पायजे."

"चार सूत?"

"चार सूत."

"का पण?"

तुम्ही फडक्याला हात पुसत म्हणालात, "साहेब, गाडी तुमच्या कंपनीच्या फरशीवर पळवायचीय का रस्त्यावर?"

"आन् ही पाचर?"

"तिला हात लावू नका," म्हणालात आणि चहा सांगायला निघून गेलात.

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा माणूस काहीतरी झाकत असतो. तुम्ही झाकतच होता, तिथं मी चुकलो नाही. काय झाकत होता, तिथं चुकलो. त्याच आठवड्यात निरवांगीला आलो तर तुमच्या दाराआड नवा कोयता दिसला. कोयत्याला जुन्या पाट्याचं पोलाद सगळ्यात चांगलं, हे ऊसतोडीच्या मुलखात शेंबडं पोरही सांगेल. मी काय समजायचं ते समजलो. आबांचा अस्सल पाटा काढून यांनी लोहाराला दिला, भंगारातला पाटा घातला, उंची बिघडली आणि ती कशीबशी जुळवायला पाचर ठोकली. आक्कानं वाढलेला भात मी त्या दिवशी त्या कोयत्याकडं बघत खाल्ला.

तुम्ही पाटे आणायला सोलापूरला गेलात त्या दिवशी मी रजा टाकली आणि गाडी बाहेर काढली. आबांना म्हणालो, रंगाचं थोडं राहिलंय. बारामतीला माझ्या ओळखीचा एक फिटर होता, त्याच्याकडं सपाट सिमेंटची जमीन होती. त्याला मी मापं सांगितली, त्यानं हातोडा चालवला. जादा पाटा काढला, पाचर काढली, दोन्ही अंगं एकसारखी केली. पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध. मला इतकं समाधान पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. तुम्ही परतायच्या आत मी गाडी दुकानामागं आणून लावली. पाचर पॅन्टच्या खिशात ठेवली. पुरावा म्हणून.

जयंतीला चार दिवस राहिले असताना आबा गाडी वरकुट्याला न्यायला बसले. शेजारी मी, मागून मोटारसायकलवर तुम्ही. इंदापूर सुटेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं रस्ता अरुंद झाला. आपल्याकडचे डांबरी रस्ते मध्ये फुगलेले आणि कडेला उतरते. मी त्यांच्यावरून रोज मोटारसायकल चालवतो, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. गाडी डावीकडं ओढायला लागली. आबा सावरत होते. दर गिअरला त्यांचा डावा हात लिव्हरकडं जायचा आणि गाडी वीतभर कडेला सरकायची. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी म्हणालो, आबा, थांबायचं का? ते म्हणाले, गप बस. ओढा उतरल्यावर चढ लागला, गिअर उतरवायला त्यांनी हात काढला आणि गाडी सरळ रस्ता सोडून खाली गेली. एका बाभळीला बंपर टेकला, मग थांबली. कुणाला खरचटलंही नाही. आबा दोन्ही हात मांडीवर ठेवून काचेतून समोर बघत राहिले.

तुम्ही मोटारसायकल आडवी टाकून पळत आलात. आधी आबांना खाली उतरवलंत, पाणी दिलंत. मग गाडीखाली शिरलात. मला तुमचे फक्त पाय दिसत होते, आणि ते बराच वेळ हलले नाहीत. तुम्ही बाहेर आलात, माझ्याकडं एकदाच बघितलंत आणि आबांपुढं जाऊन उभे राहिलात.

"आबा, माझं चुकलं. डाव्या अंगाचं माझ्याकडनं इसरलं."

आबा म्हणाले, "तुमाला दाखवून बी इसरला?"

"व्हय."

मी तिथंच, दोन हातांवर उभा होतो. पाचर माझ्या खिशात होती, कापडातून मांडीला टोचत होती. आणि मी तोंड उघडलं नाही.

आबा परत स्टेअरिंगला बसले नाहीत. मिरवणुकीला ट्रॅक्टरच गेला. गाडी चिंचेखाली गेली. आणि आबांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही एवढं काय केलं होतं ते आईलाही कळेना; माप चुकलं म्हणून कुणी जावयाला तोडतं का? दोन वर्षं तुम्ही आक्काला सणाला घेऊन यायचात ते फाट्यापर्यंत. तिथं तिला उतरवायचात, पिशवी हातात द्यायचात आणि मोटारसायकल वळवायचात. पुढची वाट ती चालत यायची.

या दोन वर्षांत मी तुमच्यावर जेवढा संशय घेतला तेवढा आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून घेतला नसेल. सगळं माहीत असून हा माणूस गप्प का? मला मुठीत ठेवायला? भर कार्यात, चार पाहुण्यांसमोर काढायला? तुम्ही दिवाळीला मला शर्टपीस पाठवलात, तर मी त्याची घडी उलगडून आत चिठ्ठी आहे का ते बघितलं. चांगुलपणा मला ओळखूच येत नाही, दाजी. समोर आला की मी त्याच्या पाठीमागं काय आहे ते बघायला जातो. एकदा दुकानावर येऊन मी तुम्हाला विचारलंसुद्धा, त्या दिवशी गाडीखाली काय दिसलं? तुम्ही म्हणालात, "अंधार. च्या घेनार का?" आपण चहा प्यायलो. तुम्ही माझ्याकडं बघत वाट पाहत होता, हे मला तेव्हा दिसलं होतं. मला वाटलं, मी घाबरतोय का ते बघताय.

तुम्हाला पोचवून आल्यावर चौथ्या दिवशी मी आक्काजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. त्याच दिशी सांगितलं यांनी."

"मग तू बोलली का न्हाईस?"

"त्यांनी बोलू दिलं न्हाय. म्हनलं, त्याला आपून हून बोलू दे. त्यो बोलंल."

मग तिनं मला जे सांगितलं ते मी आजवर ऐकलं नव्हतं. आबांच्या उजव्या हातातला जोर गेला होता. भरला तांब्या धरवत नव्हता. घरात त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. तुम्हाला मात्र त्या दिवशी केबिनमध्ये हात दाखवला. "आबा म्हनलं, पोराला सांगू नगा, त्यो लई संशयी, मला गाडीवर बसूच देनार न्हाय. यांनी शबुद दिला." डावा हात गिअरला गेला की स्टेअरिंगवर तो एकटा उजवाच उरणार, आणि गाडी कडेला ओढली तर त्या हाताला आवरायची नाही. म्हणून डावं अंग उचललेलं, म्हणून ती पाचर, म्हणजे गाडीचा ओढा नखभर उजवीकडं राहील आणि उतरत्या रस्त्यावर ती आपसूक सरळ चालेल. आबांच्या हाताला काम पडू नये असं तुम्ही गाडीलाच शिकवलं होतं.

आणि आबांना काय वाटलं? की ज्या एका माणसाला आपण हात दाखवला, तोच विसरला.

मी चावी घेऊन तुमचं दुकान उघडलं. मागच्या कोपऱ्यात आबांचा जुना पाटा उभा होता, मधोमध तडकलेला. कोयता बाजारातून आणलेला, हे आक्कानं सांगितलंच होतं. तरी मी तो पाटा उजेडात नेला आणि तड्यातून नख फिरवून बघितलं. तडा खरा होता. तुम्ही गेल्यावरही मी तुम्हाला तपासतच होतो. नंतर तिथंच पाट्यांच्या ढिगावर बसून मी रडलो, आणि ते खरं होतं, एवढं माझं माना.

रविवारी निरवांगीला विहारापुढं तुमचं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींचं सूत्रपठण झालं आणि मग रीतीप्रमाणं एकेकानं उठून तुमच्याबद्दल बोलायचं. नोकरदार म्हणून मला आधी उठवलं. मी म्हणालो, कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, त्यांची पोकळी भरून निघणार नाही. कुणाहीबद्दल बोलता येईल असं बोलून मी खाली बसलो. मग कुणीतरी आबांच्या खुर्चीपुढं माईक धरला.

"मला काय बोलायचं न्हाय," आबा म्हणाले, आणि ते माईकमधून सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

लेकीच्या गावात, जावयाच्या फोटोपुढं बाप असं म्हणाला. आक्का समोर पांढऱ्या साडीत बसली होती. तिनं मान खाली घातली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी कदाचित परत गप्प बसलो असतो.

मी उठलो. "आबा, दाजींनी गाडी बरोबर लावली हुती. ते सोलापूरला गेल्यावर मी ती बारामतीला न्हेऊन उघडली. डाव्या अंगाची पाचर मी काढली. त्यांनी त्या दिशीच वळखलं हुतं."

आबांना कमी ऐकू येतं, पण हे ऐकू गेलं. त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर घेतला.

"म्हंजी त्यो माझा हात इसरला न्हवता?"

"न्हाय आबा. त्या हातासाठीच केलं हुतं त्यांनी समदं."

जो हात त्यांनी दोन वर्षं गावापासून लपवला तो भर मांडवात उघडा पडला आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. ते मला शिव्या देतील असं मला वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तुमच्या फोटोकडं बघितलं.

"दोन वर्सं म्या त्याला उंबऱ्याच्या आत घेतला न्हाय," आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, लहानपणी मला वस्तीवर निरोप द्यायला पाठवायचे त्याच आवाजात म्हणाले, "जा. सांग त्याला जाऊन."

"आबा, आता कुठं..."

"जा म्हनतो न्हवं. आबांना कळलं म्हनून सांग."

मी मांडवातून बाहेर पडलो. कुणी अडवलं नाही. मोटारसायकल काढली आणि इंदापूरला तुमच्या दुकानापुढं येऊन उभा राहिलो. रोडनं गाड्या चालल्या होत्या. बंद शटरपुढं उभं राहून मला तोंडानं बोलता येईना. म्हणून लिहून सांगतोय.

दाजी, आबांना कळलं.